एकटीचं वजन

लहान लेकराचं वजन घरच्या काट्यावर कसं करायचं ते मला दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवलं. आधी आपण एकटीनं उभं राहायचं, आकडा लिहून ठेवायचा. मग लेकराला कडेवर घेऊन उभं राहायचं. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला की उरतं ते लेकराचं वजन. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वजाबाकीत मी कधी हातचा विसरले नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, पुढं जे लिहिणार आहे त्यात गणिताची चूक नाही. मी पुन्हापुन्हा करून पाहिलं आहे.

चैत्र सरत आला होता. बाणूला, म्हणजे माझ्या सात महिन्यांच्या मुलीला, घेऊन मी लसीला गेले होते. सिस्टरनी तिला झोळीच्या काट्याला टांगलं. ती रडली नाही. तिला रडायचाही कंटाळा होता.

"पाच किलो चारशे," सिस्टर म्हणाल्या आणि कार्डावर ठिपका दिला. ठिपका पिवळ्या पट्ट्याच्या अगदी खालच्या काठावर पडला. त्याच्या खाली लाल. "मागच्या महिन्यातही एवढंच होतं गं. अंगावर पाजतेस ना?"

"पाजते की ताई. वरचं पण देते, पेज, वरणाचं पाणी. पण ती एकाच अंगाला पिते. उजवीकडं तोंडच लावत नाही."

"का?"

"तोंड फिरवते. जोर केला तर ओरडते."

"दूध येतं का तिकडं?"

मी नुसती मान हलवली. दूध यायचं. सकाळी ती बाजू भरून दगड व्हायची आणि दुपार टळली की रिकामी, कुणी न पिताच. हे मी सिस्टरना सांगितलं नाही. काय सांगणार, मलाच ते खरं वाटत नव्हतं.

त्यांनी मलाही मोठ्या काट्यावर उभं केलं. चाळीस किलो सहाशे. "तूच अशी काडी, तर लेकरू कसं होणार?" त्या म्हणाल्या. "एक महिना देते. निदान तीनशे ग्रॅम वाढली पाहिजे, नाहीतर हिला भरती करावं लागेल. घरी काटा मिळत असेल तर रोज बघत जा."

मी बाणूला पदराखाली घेतलं आणि उन्हातून चालत घरी आले.

घर म्हणजे शहराच्या छावणी भागातच, बिल्किसखालांच्या घरावरची एक खोली. खाली त्या एकट्या, वर आम्ही. खालांचा मुलगा फरदीन दुबईला असतो. माझे मालक, भारत, शेंद्र्याच्या कंपनीत आहेत. सकाळी सहाला कंपनीची बस येते आणि डबल ड्युटी असली की रात्री नऊला सोडते. उन्हाळाभर डबलच होती. मधले पंधरा तास मी आणि बाणू. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, तेवढ्या दिवशी गल्लीत बायका बोलतात. बाकीच्या दिवशी सकाळी बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडात तसाच असतो.

खालांना काट्याचं सांगितलं तर त्या हसल्या.

"बेटी, मेरे पास है ना! फरदीननं पाठवला, काचेचा. वजन मेरेकू बाद में दिखता, पहले उसको दिखता. इकडं मी बिर्याणी खाल्ली की तिकडून दुबईचा फोन. अम्मी, एक किलो कैसा बढ़ा? ले जा तू. मेरी जान छूटे."

काळ्या काचेचा चौकोन होता तो. चार कोपऱ्यांना चकचकीत पट्ट्या. अनवाणी उभं राहिलं की काचेच्या आतून पांढरा आकडा उजळतो. नुसतं वजन नाही, अंगात चरबी किती, पाणी किती, हाडं किती, तळपायातून नाडीसुद्धा मोजतो म्हणे. फरदीननं व्हिडिओ कॉलवर सगळं माझ्या फोनला जोडून दिलं.

"भाभी, काटा माणसाला वजनावरून ओळखतो," तो म्हणाला. "अम्मी, तुम्ही, भारतभाई, अशी तीन नावं टाकली आहेत. ज्याच्या वजनाजवळ आकडा येईल त्याच्या नावावर जाईल. कुणाच्याच जवळ नसला की पाहुण्यात पडेल. बाणूला घेऊन चढलात की तोही पाहुण्यात. खालचं वायफाय वर येतं, त्यामुळं आपोआप फोनवर जात राहील. मला पण दिसेल हां, अम्मीसाठी ठेवलंय. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल की," मी म्हटलं. खरं म्हणजे बरं वाटलं. दुबईत का होईना, मी काट्यावर पाय ठेवला की कुणालातरी कळणार होतं.

बाणू झोपली होती. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर पडलं होतं. मी पाय पुसले आणि एकटी उभी राहिले.

सेहेचाळीस किलो चारशे.

उतरले, पुन्हा चढले. सेहेचाळीस चारशे. बाणूला उचलून चढले. एकावन्न आठशे. वजा केलं, पाच किलो चारशे. दवाखान्यात आलं तेच, ग्रॅमाचा फरक नाही.

बाणूचं बरोबर आलं होतं. माझंच चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डबा भरताना मी मालकांना सांगितलं. ते चहाचा कप हातात घेऊन काट्यावर उभे राहिले. अठ्ठावन्न. "कंपनीच्या मेडिकलला पण एवढंच व्हतं," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून हसले. "आम्ही डबल करून वाळायलो अन् तू घरी बसून सहा किलो चढलीस व्हय?"

"चेष्टा नका करू. दवाखान्यात चाळीसच भरलं माझं."

"फरशी वरखाली असंल. कशाला त्या आकड्याच्या नादी लागायलीस? लेकराचं बरोबर येतंय ना, झालं तर."

बसचा हॉर्न वाजला आणि ते गेले.

फरदीनही फरशीच म्हणाला. काटा सपाट, टणक जागेवर पाहिजे, नाहीतर आकडा हलतो. मग खाला गव्हाच्या पिठाची पाच किलोची बंद पिशवी घेऊन धापा टाकत वर आल्या. पिशवी ठेवली. पाच किलो. नंतर खाला स्वतः चढल्या, त्यांचं खालच्यासारखंच आलं. मी चढले. सेहेचाळीस चारशे.

"चल, नीचे चल," खाला म्हणाल्या. काटा काखेत घेऊन त्या पुढं, बाणूला घेऊन मी मागं. त्यांच्या बैठकीत काटा ठेवला. बाणूला गादीवर ठेवून मी एकटी उभी राहिले.

चाळीस किलो सहाशे.

पुन्हा वर आलो. काटा त्याच फरशीवर ठेवला. सेहेचाळीस चारशे.

तेरा पायऱ्यांचा जिना. तेवढा चढून कुणाचं वजन वाढतं का? खालांनी ओढणी डोक्यावर नीट घेतली, ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि माझ्यावर फुंकर घातली. मग डाव्या कडेवरच्या बाणूवर घातली. मग जरा थांबल्या... आणि माझ्या उजव्या कडेवर. तिथं कुणी नव्हतं.

"खाला, तिथं काय?"

"कुछ नै बेटी. आदत है." आणि त्या घाईनं जिना उतरून गेल्या.

त्या आठवड्यात फरदीनचा फोन आला. तो आवाज हलका ठेवून बोलत होता, शेजारी कुणी झोपल्यासारखा. "भाभी, घाबरू नका. तुमच्या नावावर नाडी रोज एकशे अडतीस दाखवतोय. अम्मीची बहात्तर आहे. मशीनची चूक असेल... पण एकदा दाखवून घ्या."

मी घड्याळासमोर बसून मनगटावर बोट ठेवलं आणि मिनिटभर मोजलं. अठ्ठ्याहत्तर. मग बाणूच्या छातीवर तळहात ठेवला. तिची नाडी तशी धावत होती, एकशे तीस-पस्तीस. लहान लेकरांची तशीच धावते. पण काट्यावर तर मी एकटीच चढत होते.

तेव्हा मी ती वजाबाकी केली. सेहेचाळीस चारशेमधून चाळीस सहाशे गेले, राहिले पाच किलो आठशे.

हा आकडा मी कुठंतरी लिहिलेला पाहिला होता.

पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, निळ्या कडेचं एक कार्ड आहे. त्यावर चारच ठिपके आहेत, चारही हिरव्या पट्ट्यात. शेवटच्या ठिपक्यासमोर सिस्टरच्या अक्षरात लिहिलंय. पाच किलो आठशे.

ते मल्हारचं कार्ड. मल्हार माझा पहिला मुलगा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, याच खोलीत. आढ्याला जो लोखंडी हूक आहे त्याला त्याचा पाळणा होता. तीन महिने वीस दिवसांचा होता तो. वेखंडाची पूड लावून, टोपडं बांधून मी त्याला पाजलं. तो उजव्याच अंगाला प्यायचा, डावीकडं त्याचं मन रमायचं नाही. पिऊन झोपला. पाळण्यात टाकला. दोरी हातात धरून मी खाली फरशीवर आडवी झाले. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती, तेवढं आठवतं. माझा डोळा लागला. जोहरच्या, दुपारच्या अजाननं जाग आली तेव्हा दोरी हातातच होती आणि पाळणा स्थिर होता...

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला, कुणाचा दोष नाही. मालक म्हणाले, आता त्याचं नाव काढू नको. कुणी काढलं नाही. तेव्हापासून मी दुपारची कधी आडवी झाले नाही.

कार्ड हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कोण जाणे. तुम्हाला वाटेल मी भ्याले असेन. नाही भ्याले. खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. दोन वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा एकटी नव्हते.

मग मी रोज एकच्या सुमाराला काट्यावर उभी राहू लागले. आधी वास यायचा, वेखंडाचा. बाणूला मी वेखंड कधी लावलंच नाही, घरात त्याची डबीसुद्धा नाही. तरी यायचा, गोडसर, कडवट, कोंबट. बाहेर गल्ली उन्हानं पांढरी पडलेली, पत्र्याच्या पिंपावर कावळ्याची नखं वाजायची, तेवढाच आवाज. काच उजळायची. आकडा जरा थरथरायचा आणि स्थिर व्हायचा. सेहेचाळीस चारशे पन्नास. दोन-तीन दिवसांनी सेहेचाळीस पाचशे. आकडा फोनवर जायचा आणि फोनवरची रेघ हळूहळू वर चढायची. मी माझे चाळीस सहाशे वजा करून उरलेलं निळ्या कार्डावर मांडायचे. दोन वर्षं थांबलेले ठिपके पुढं चालू लागले. हिरव्या पट्ट्यातून सरळ, वीस ग्रॅमनं रोज, निरोगी लेकरासारखे.

दहाव्या दिवशी माझ्या एकटीचं वजन सेहेचाळीस सहाशे भरलं. म्हणजे तो सहा किलोचा झाला होता. मी एकटीच हसले.

मग बाणूला उचललं. एकावन्न नऊशे.

वजाबाकी केली. पुन्हा केली. हातचा घेतला होता, चुकलं नव्हतं. पाच किलो तीनशे. बाणू शंभर ग्रॅमनं कमी झाली होती.

तिला मांडीवर घेतलं तर तिनं वर पाहिलं. माझ्याकडं नाही, माझ्या उजव्या बाजूला. खूप वेळ पाहत राहिली, ओठ उघडे ठेवून. मग ती लहानशी पोर, जिला अजून धड बसता येत नव्हतं, माझ्या मांडीवर डावीकडं सरकली. जागा करून दिल्यासारखी.

तेव्हा मी भ्याले.

त्याच दिवशी मालकांना फोन करून सांगितलं की करमाडला जाते, आत्याबाईंकडं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई. गावाबाहेर दोन एकर आणि चाळीस-पन्नास मेंढरं आहेत आमची. तिथल्याच बांधावर, बोरीखाली, मल्हारला ठेवलंय. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मल्हार गेल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याबाई मला त्या बोरीखाली घेऊन गेल्या होत्या. मला दूध सुटलं होतं, लुगडं भिजत होतं. त्या म्हणाल्या, "ह्या मातीवर दूध सोड, अन् तीनदा जा म्हण. नाय म्हटलं तर लेकरू वाट बघत बसतं." मी दूध सोडलं. पण जा माझ्यानं म्हणवलं नाही. नुसते ओठ हलवले. आणि घरी परत आल्यावर, त्या खोलीत, पाळण्याच्या हुकाखालच्या कोपऱ्यात, रोज एक वाजता मी उजव्या बाजूचं दूध पिळत राहिले. महिनाभर. आटेपर्यंत. फेकून द्यायला जीव होत नव्हता. त्याची ती वेळ होती.

आत्याबाई मेंढरांना पाणी दाखवत होत्या. मी सगळं सांगितलं, काट्याचं, आकड्यांचं, बाणूचं. त्यांनी बाणूला माझ्याकडून घेतलं, तिच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं.

"तवा म्हटलं नव्हतंस व्हय?"

"नाही."

"मला ठावं व्हतं. ओठ हालले, आवाज नाय आला." बाणूला खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "मीच तवा सोडून दिलं. तुझं तोंड बघवंना गेलं मला. चल."

टळटळीत ऊन होतं. बोरीखाली सावली अशी नव्हतीच, काट्यांची जाळी तेवढी मातीवर पडली होती. बाणूला घेऊन आत्याबाई लांब उभ्या राहिल्या, पाठ करून.

मी दूध सोडलं. मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं.

"जा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

"जा."

तिसऱ्यांदा म्हणताना मला त्याचं टोपडं आठवलं. तेवढं ऊन, आणि तेवढीशी टाळू... तोंडातून निघून गेलं, "जा... सावलीनं जा रे, बाळा."

आत्याबाई गर्रकन वळल्या.

"काय म्हटलीस?"

"जा म्हटलं."

"पुढं काय म्हटलीस? बाळा म्हटलीस?" त्यांचा चेहरा उतरला होता. "अगं, हाक नसती मारायची. हाक मारल्यावर कुठलं लेकरू जातं?"

त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. "आसू दे. तीनदा जा तर झालं. आसू दे."

बारा दिवस राहिले. दुसऱ्याच दिवशी बाणू उजव्या अंगाला प्यायली. मी रडले, ती पीत राहिली. शेळीचं दूध, नाचणीची पेज, आत्याबाईंचं मालीश. तिच्या गालाला रंग चढला. ती हसताना आवाज काढू लागली.

परवा सकाळी एसटीनं परत आले आणि तशीच दवाखान्यात गेले. पाच किलो सातशे पन्नास. सिस्टरनी ठिपका दिला आणि कार्ड माझ्यासमोर धरलं. "बघ! साडेतीनशे ग्रॅम! काय केलंस गं? अशीच राहू दे, काही भरती-बिरती नको." मला तिथंच बसून राहावंसं वाटलं, बाकावर, माणसांत.

दोन वाजून गेल्यावर घरी येऊन कुलूप काढलं. बंद खोलीची वाफ अंगावर आली. काटा होता तिथंच होता, वर पातळ धूळ. पाय पुसून एकटी चढले.

चाळीस किलो सातशे.

माझं वजन. एकटीचं. मी खाली बसले आणि बराच वेळ काचेवरून हात फिरवत राहिले. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

काल सकाळी फरदीनचा फोन आला.

"भाभी, तुम्ही गावाला होता ना? खोलीला कुलूप होतं?"

"होतं की. किल्ली माझ्याकडंच होती. काय झालं?"

"काही नाही... पाहुण्यात रीडिंग पडलेत. रोज एक. तुम्ही गेल्यापासून. मांजर येऊन बसत असेल का?"

"खिडकीला जाळी आहे, भाऊ. किती वाजताचे आहेत?"

"तेच विचित्र आहे. सगळे एक दहाचे."

मी फोनवर पाहुण्याचं पान उघडलं. बाणूला घेऊन चढल्याचे आकडे वर होते, पन्नासच्या घरातले. त्यांच्या खाली ओळीनं हे. पहिल्या दिवशी सहा किलो. दुसऱ्या दिवशी सहा किलो. मग पाच नऊशे पन्नास. पाच नऊशे पन्नास. पाच नऊशे. फोनवरची रेघ खाली उतरत होती. परवाचा आकडा पाच आठशे पन्नास.

तो गेला होता. मी जा म्हटल्यावर माझ्या कडेवरून उतरला होता. पण लांब नव्हता गेला. बारा दिवस त्या बंद खोलीत, उन्हात, एक वाजला की तो काट्यावर येऊन बसत होता. रोज तिथंच मी त्याला बघायचे, आकडा आला की हसायचे. आणि दिवसेंदिवस वाळत होता.

काल एक वाजता मी घरात थांबले नाही. बाणूला घेऊन खाली खालांकडं बसले, टीव्हीचा आवाज मोठा केला. सव्वा वाजता फोन पाहिला. पाच किलो आठशे.

निळ्या कार्डावरचा शेवटचा ठिपका. त्या दिवशी तो जेवढा होता तेवढाच. याच्या खाली त्याचं वजन मला माहीत नाही. याच्या खाली काय असतं तेही माहीत नाही.

आज मालक सहाला गेले. त्यांना काही सांगितलं नाही. साडेबाराला बाणूला डाव्या अंगाला पाजलं. उजवीकडचं ठेवलं. "खाला, जरा अर्धा तास सांभाळा, डोळा लागतोय," असं सांगून तिला खाली दिलं. खालांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "दरवाजा खुला रख बेटी," एवढंच म्हणाल्या.

दरवाजा मी लावून घेतला आहे. बाणूच्या वजनाची वही उघडून काट्यासमोर फरशीवर बसले आहे आणि पहिल्यापासून सगळं लिहीत आणलं आहे, झोप येऊ नये म्हणून. मी त्याला पाजणार नाही. बाणूच्या तोंडचं आहे ते, मला कळतं. मी फक्त जागी राहणार आहे. त्या दिवशी माझा डोळा लागला होता. आज लागू द्यायचा नाही, तेवढंच. कुणीतरी जवळ असावं.

एक वाजून पाच मिनिटं.

वेखंडाचा वास येतोय.

पिंपावरचा कावळा उडाला. गल्लीत काही नाही.

काच उजळली. आकडा थरथरतोय... पाच सातशे... पाच आठशे... नाही, सातशे पन्नास. स्थिर झाला. पाच किलो सातशे पन्नास.

किती हलका झालास रे.

आकडा गेला. आता शून्य दाखवतोय. काच विझली.

वास अगदी जवळ आला आहे. अक्षर बिघडलं असलं तर समजून घ्या. उजवा हात मोकळा नाही, डाव्या हातानं लिहिते आहे.

खाली बाणू रडायला लागली. हे भुकेचं रडणं आहे, मला ओळखू येतं. खाला जिन्यातून माझ्या नावानं हाका मारताहेत. अंबिका... ओ अंबिका...

उठते. आत्ता उठते.

एवढं ह्याचं होऊ दे.